मूठभर तूरडाळ

बाई, मी पालमच्या शाळेतली, तिसरीच्या वर्गात खिडकीशी बसणारी. तुम्ही एकदा सगळी पोरं घरी गेल्यावर जिला मुद्दाम थांबवून घेऊन झापलं होतंत, ती. ओळखलंत का माहीत नाही. तुम्ही गेलात तेव्हा जेवढ्या वयाच्या होतात, त्याहून मी आता मोठी आहे, डोक्यावर एक काळा केस शोधून सापडणार नाही. पत्रं लिहायची मला सवय नाही. कचेरीत सगळा जन्म लिहिलं ते 'उपरोक्त विषयान्वये' छापाचं, त्यात माणूस कुठं येतच नाही. म्हणून इकडचं तिकडचं न करता सांगते. एक लेकरू गेलं, बाई. दीड वर्षाची पोरगी. तिच्या जाण्यात माझा हात आहे. तसं कुणी म्हणत नाही, म्हणणारही नाही, उलट लोक मला धीर द्यायला घरी येतात आणि चहा पिऊन जातात. तुम्ही असता तर तोंडावर म्हणाला असतात, म्हणून तुम्हाला लिहायला बसले.

आधी डब्याचं सांगते, तुम्हाला ठाऊक असलं तरी. त्या वर्षी आमचे दादा मोंढ्यात पोती उतरवताना पडले, पाय मोडला, आणि आई एकटी रोजानं निंदायला-खुरपायला जायची. घरात आम्ही तिघं भावंडं, धाकटं तर अजून अंगावर पिणारं. तुम्हाला हे कुणी सांगितलं मला माहीत नाही, मी तर सांगितलं नव्हतं. शनिवारी सकाळची शाळा सुटली की तुम्ही खुर्चीमागच्या लोखंडी कपाटातून तो स्टीलचा डबा काढायचात, झाकणावर टिंबाटिंबांनी तुमचं नाव घातलेला. म्हणायचात, "मी एकटी बाई, एवढ्या डाळीला कीड लागायलीय. आईला म्हणावं वापरून टाका, माझ्यावर उपकार होतील." उपकार म्हणे तुमच्यावर. खोटं बोलताना तुमच्या चेहऱ्यावरची रेघ हलायची नाही. सोमवारी मी डबा परत आणायची आणि त्यात आईनं काहीतरी घातलेलं असायचं. कधी मूठभर तीळ, कधी जवस, कधी शेंगा, कधी नुसता चिंचेचा गोळा. कुणाचं भांडं रिकामं परत करायचं नाही हे आमच्या घरात कुणी कुणाला शिकवलेलं नव्हतं, ते असतंच. तुम्ही माझ्यासमोर झाकण उघडायचात आणि म्हणायचात, "बरं झालं बघ, चिंचच संपली होती माझी." मला वाटायचं, बाईंचं घर आमच्या चिंचेवर चालतं.

आणि मग तो सोमवार. आईनं शेंगा घातल्या होत्या, भाजलेल्या, वास यायला लागलेला. मारुतीच्या पारापर्यंत मी धीर धरला, पुढं नाही धरवला. शाळेत पोचले तोवर डबा रिकामा, वर टरफलं फेकून हात फ्रॉकला पुसलेले. तुम्ही झाकण उघडून बघितलंत, परत लावलंत, दिवसभर शिकवलंत. शाळा सुटल्यावर मला थांबवलंत. "भूक लागली म्हणून खाल्ल्यास, त्याचं मला काही नाही," तुम्ही म्हणालात. "पण त्या शेंगा तुझ्या आईनं मला दिल्या होत्या. तू मधल्यामध्ये तिचं देणं खाल्लंस. आता तिनं मला काय दिलं? ती माझ्याकडं घेणारीच राहिली नुसती." मला यातलं काही कळलं नाही. मला एवढंच कळलं की बाई रागावल्यात आणि आवाज चढवत नाहीत, म्हणजे लयच रागावल्यात. हौदावर नेऊन तुम्ही मला तो डबा घासायला लावलात, राखेनं, आतून-बाहेरून. मी रडत घासत होते.

त्या शेंगांचा अर्थ तुम्ही मला सांगितलात तो खूप नंतर. मला गंगाखेडला कचेरीत नोकरी लागली, पेढे घेऊन मी परभणीला तुमच्या भाड्याच्या खोल्यांवर आले होते. तुम्ही निवृत्त झालेल्या, गुडघे धरलेले, तरी उठून रव्याचे लाडू त्याच डब्यात भरलेत आणि म्हणालात, "डबा राहू दे तुझ्याकडं." मग ओसरीवर बसून पाय चोळत चोळत बोललात. तुझ्या आईच्या मुठीवरून मला तुमच्या घरातलं सगळं कळायचं, म्हणालात. तीळ आले की बरं चाललंय. चिंच आली की ओढाताण आहे. "आणि माझीच डाळ माझ्याकडं परत आली, की समजायचं घरात दुसरं काहीच नाही." तसं दोनदा झालं होतं म्हणे. त्या आठवड्यांत तुम्ही बुधवारीही डबा दिला होता. मला बुधवारचा डबा आठवत होता, तो का ते माहीत नव्हतं. तुम्ही सांगितलंत तेव्हा मी मान हलवली, लाडू घेऊन एसटीत बसले. पुढच्या वर्षी तुम्ही गेलात. डबा परत द्यायचा राहिला तो राहिलाच.

आता खोलीचं. निवृत्त झाल्यावर घरात बसून मी बेजार झाले. सुनेच्या स्वयंपाकघरात माझी लुडबूड तिला नको आणि टीव्हीतली भांडणं मला नकोत. आम्ही चार-पाच रिकामटेकडी म्हातारी माणसं जमलो, मी, एक निवृत्त पोस्टमास्तर, एक कंपाउंडर, एक-दोन गृहिणी. गल्लीतल्या देवळाच्या बाजूची खोली मागून घेतली. लोकांकडून धान्य गोळा करायचं आणि ज्या घरात सहा वर्षांच्या आतलं लेकरू आहे आणि चूल धड पेटत नाही अशा घराला दर गुरुवारी आठवड्याचा शिधा द्यायचा. तांदूळ, तूरडाळ, शेंगदाणे, गूळ, तेल. अंडी द्यावीत असं कंपाउंडरचं म्हणणं होतं, पण देवळाची खोली, तिथं अंडी कोण ठेवू देतंय. प्लास्टिकच्या पिशव्या उंदीर फाडायचे, म्हणून घराघरातून स्टीलचे डबे मागितले. तेही आले, कुणाच्या लग्नातले, कुणाच्या बारशातले, सगळ्यांवर नावं घातलेली. रिकामा डबा आणायचा, भरलेला न्यायचा. सगळे त्या खोलीला 'डब्याची खोली' म्हणायला लागले. तुमचा डबाही मी त्यात दिला. मला वाटलं, तुम्हाला बरं वाटेल.

खोटं कशाला बोलू, सुरुवातीला बरं चाललं होतं. जुळी पोरं होती एका घरी, काडीसारखी, ती वर्षभरात अशी सुधारली की खोलीत येऊन वजनकाट्यावर चढून बसायची. अंगणवाडीची सेविका म्हणायची, "बाई, तुमचा शिधा न् आमचं पोषण आहाराचं पाकीट, दोन्ही मिळून लेकरं तग धरायलीत." मला त्याचा माज चढला. दुसरा शब्द नाही त्याला. मी यादी भिंतीवर लावली, वाटीनं मोजून द्यायला लागले, कुणी दोन गुरुवार आलं नाही तर नाव काटायला लागले. कचेरी सुटली तरी माझ्यातली कचेरी सुटली नव्हती. मग देणारे थकले. पहिल्या वर्षी पोतं देणारा माणूस यंदा पायली देतो आणि वर फोटो काढा म्हणतो. दारात मात्र नवी माणसं वाढतच गेली, आणि वाटी होती तेवढीच.

ती आली तेव्हा उन्हाळा लागलेला. विशीतली पोर, कडेवर दीड वर्षाची मुलगी, डोकं मोठं, पाय बारीक. रेल्वे रुळाकडच्या बाजूला पत्र्याच्या खोलीत राहायची. नवरा टँकरवर क्लीनर, पुण्याकडं गेला तो गेलाच, आधी फोन यायचा, मग तोही बंद. रेशन कार्डात नाव सासरच्या गावी, इथं अंगठा लागत नाही. एका लॉजच्या चादरी धुवायची, पण पोरगी सारखी आजारी, खाडे पडले आणि त्यांनी दुसरी बाई ठेवली. मी यादीत नाव घातलं आणि हाताला लागला तो डबा भरून दिला. तो तुमचा होता. ठरवून दिला नव्हता.

तिसऱ्या की चौथ्या गुरुवारी तिनं डबा परत आणला तर तळाला मूठभर तूरडाळ. मी म्हटलं, "उरली का गं?" ती खाली बघून म्हणाली, "असू द्या बाई." झालं. माझ्या डोक्यात दुसरं काही आलंच नाही. मी पोस्टमास्तरांकडं वळून म्हटलं, "हिच्याकडं उरायलीय, हिची डाळ अर्धी करा, दारात तिघीजणी उभ्या आहेत." त्यांनी एक वाटी कमी घातली. तिनं डबा घेतला, झाकण दोनदा दाबून लावलं आणि गेली. पुढच्या गुरुवारी परत मूठ. या वेळी तर मी सगळ्या रांगेला ऐकू जाईल असं म्हटलं, "बघा, हिला म्हणतात इमानदारी. उरलं तर आणून देते. नाहीतर तुम्ही." एक बाई मागून कुजबुजली, "तिचं एकच लेकरू हाय, उरंलच की." तिनं भरलेला डबा घेतला. मुलगी कडेवर मान टाकून होती, झोपलीय असं मला वाटलं.

मग सेविका एक दिवस भर दुपारी माझ्या घरी आली, हातात ती दंडाला लावून मोजायची रंगीत पट्टी. "बाई, तुमच्याकडून जातोय ना डबा तिला? पोरीचा दंड तांबड्यात आलाय. मागल्या महिन्यात पिवळ्यात होता." मी म्हटलं, "जातोय की. उलट उरायलंय तिला, परत आणून देतेय." बाई, हे मी म्हटलं. उंबऱ्यात उभं राहून, ठामपणे. सेविकेचा चेहरा बदलला. "मग ही पोरीला नीट चारत नसंल. जाते न् चांगलीच बोलते तिला." आणि ती जाऊन बोलली. ती वाईट बाई नाही, पाच वाड्या एकटीनं सांभाळते, तिनं माझ्या शब्दावर भरवसा ठेवला. दवाखान्यात न्यायचं ते पंधरा दिवस तिला चारायला शिकवण्यात गेले. असा वरण-भात कालव, असा गूळ घाल, असं थोडं थोडं भरव. ती पोर सगळं ऐकून घ्यायची आणि म्हणायची, "व्हय ताई." घरात कालवायला काय आहे, हे कुणी विचारलं नाही. विचारायचं कशाला, उरत होतं ना.

जुलाब सुरू झाले तेव्हा तिला परभणीला नेलं. सेविका बरोबर गेली, मीही दुसऱ्या दिवशी गेले. तिथल्या नर्सनं काही कमी केलं नाही, चमच्या-चमच्यानं पाजत होती, रात्रपाळी संपली तरी थांबली. मुलगी माझ्याकडं बघायची. रडत नव्हती, लेकराला रडायलाही अंगात काही असावं लागतं. तिच्या आईनं मला बसायला स्वतःचा टॉवेल अंथरून दिला. म्हणाली, "तुमी कशाला तरास घेतला बाई एवढ्या उन्हाचा." सहाव्या दिवशी मुलगी गेली. मी तेव्हा गंगाखेडला होते, गुरुवार होता, तांदूळ मोजत होते. फोन आला तेव्हा हातातली वाटी मी तशीच पुढच्या डब्यात रिकामी केली, झाकण लावलं, नाव वाचून हाक मारली. काम थांबवलं नाही.

त्यानंतरच्या गुरुवारी ती आली. रांगेत उभी राहिली, सगळ्यांच्या मागं. आमच्यातल्या एकीनं पुढं बोलावलं तर नको म्हणाली. नंबर आल्यावर तिनं डबा टेबलावर ठेवला, घासून लख्ख केलेला. "बाई, आता नगं. माझं नाव काटा."

मी म्हटलं, "अगं, असू दे, ने काही दिवस."

"न्हाई बाई. सहा वर्साच्या आतलं लेकरू पायजे ना. तुमचाच नेम हाय. दारात लोकं उभे हायेत."

मी झाकण उघडलं. तळाला मूठभर तूरडाळ होती. मी विचारलं, "ही कशाला घालायचीस गं? पोरीला का नाही घातलीस शिजवून?" ती माझ्याकडं अशी बघायला लागली, जणू मी काहीतरी खुळ्यासारखं विचारलं होतं. म्हणाली, "भांडं रिकामं कसं द्यावं बाई? कुणाचं तरी नाव हाय त्याच्यावर. दुसरं काई नव्हतंच घरात घालायला." आणि मग, माझी समजूत घालावी तशा आवाजात, "मूठभरच तर होती."

बाई, मी मनातल्या मनात त्या मुठी मांडून बघितल्या. एक मूठ डाळीत एवढ्या लेकराचं दोन दिवसांचं वरण होतं. आणि त्या मुठीपायी मी कापली ती वाटी वेगळी, दर आठवड्याची. ती देत गेली आणि मी तिच्या देण्यावर तिचंच काढून घेत गेले. लहानपणी पारावर बसून मी आईचं देणं खाल्लं होतं, तेव्हा भूक तरी माझी होती. त्या मुलीची आई नंतर कुठं गेली मला माहीत नाही. तिच्या पत्र्याच्या खोलीला कुलूप आहे. सेविका म्हणते, कुणा नातेवाइकाबरोबर कारखान्याकडं गेली असंल. माझ्याशी सेविका आता कामापुरतंच बोलते, आणि ते बरोबर आहे.

डब्याची खोली चालू आहे. बंद करायचं मी म्हटलं, पण पोस्टमास्तर म्हणाले, बंद केली तर त्या तीस घरांनी काय करायचं, तुमच्या दुःखाचं वरण करायचं का. ते खरंच आहे. मात्र मी आता डब्यांना हात लावत नाही. इतक्या वर्षांत किती बायकांनी काय काय घालून दिलं असेल, तीळ, लसूण, कढीपत्ता, आणि आम्ही ते हसत हसत एका टोपलीत ओतत गेलो. मी कधी वाचलं नाही. पुढच्या महिन्यापासून कापडी पिशव्या करणार आहेत. पिशवी परत द्यायची नाही, म्हणजे कुणाला काही घालायला नको, कुणाची उपासमार नको. माझीच सूचना. सगळ्यांना आवडली. घरी आल्यावर ध्यानात आलं, की आता कुणाच्या घरात काय संपलंय हे कळायची उरलीसुरली सोयही मी बंद केली. ते सांगायला मी अजून कुणाकडं गेलेले नाही.

तुमचा डबा मी घरी आणलाय. शेवटची मूठ तशीच आहे आत. शिजवायची हिंमत नाही, टाकायची तर त्याहून नाही. तुमच्या परभणीच्या खोल्यांत आता दुसरे भाडेकरू आहेत, त्यामुळं हा कागद पाठवायचा तरी कुठं. मी तो घडी करून उशीखाली ठेवेन आणि कधीतरी सून चादर बदलताना कचरा समजून टाकून देईल.

एक राहिलं. वर मी लिहिलंय, माझ्या डोक्यात दुसरं काही आलंच नाही. मूठ आली त्या पहिल्या गुरुवारापुरतं ते खरं आहे. दुसऱ्या गुरुवारी मी ती मूठ हातावर घेऊन बघितली होती. आम्ही देतो ती डाळ निवडलेली नसते, खडे असतात, टरफलं असतात. तिची मूठ निवडलेली होती, एक खडा नव्हता तिच्यात. उरलेलं कुणी असं निवडून देत नाही. मला तुमची ओसरी आठवली, पाय चोळत तुम्ही बोललात ते अख्खं वाक्य आठवलं. पण आदल्याच आठवड्यात मी सगळ्यांसमोर म्हणून बसले होते की हिच्याकडं उरतंय. रांग दारापर्यंत गेली होती. म्हणून मी झाकण लावलं आणि मोठ्यानं तिच्या इमानदारीचं कौतुक केलं.